ट्रॅक्टरची बॅटरी आणि ऋषभ पंत

ताई,

मी सेलू तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४८. जिल्हा परिषदेच्या शाळेत लेकरांची खिचडी शिजवते. चार एकर रान आहे. २०२५ च्या सप्टेंबरात रानात पाणी शिरलं आणि सोयाबीन कापायच्या आधीच उभ्यानं सडलं. धुऱ्याकडची माती पण वाहून गेली. तवापासून आमच्या मालकांनी बोलणंच टाकलंय. रानातल्या आखाड्यावर, खोपीवर, जातात, नुसते बसून राहतात, अंधार पडला की येतात. जेवतात, पण पानात काय होतं ते त्यांना सांगता यायचं नाही.

माझं सांगायला लाज वाटते. रात्री भांडी झाली की मी मोबाईलवर ऋषभ पंतची बॅटिंग बघते. मला क्रिकेटातलं फार कळत नाही. पण तो एका हातानं मारतो, मारता मारता पडतो, पडल्या जागेवरून चेंडू कुठं गेला ते बघतो, आणि मला हसू येतं. खरं हसू. घडीभर छाती हलकी होते. परवा मी मोठ्यानं हसले तर जाऊबाई म्हणाल्या, "घरात हे असं, आणि तुला दात काढायला सुचतंय?" पुण्यातला मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तो बेजबाबदार खेळतो. गावसकरांनीच मूर्खपणा म्हटलंय त्याला. बघायचंच तर नीट खेळणाऱ्याला बघ."

मालकांना एके काळी क्रिकेटचं वेड होतं. १९९८ ला शारजाची मॅच होती, ऐन वेळी गावातली लाईट गेली, तर यांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणून टीव्ही लावला होता. आमचं लग्न तेव्हा नवं होतं. आता मॅच चालू असली तरी मान वर करत नाहीत.

माझं हसणं चुकतंय का? आणि यांना माझ्यासंगं बघायला बसवावं का? कसं बसवू?

खिचडीवाली, सेलू तालुका

—

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बॅटरीची ओळ आणखी एकदा वाचली. तिच्याकडे मी शेवटी येते, कारण माझ्या मते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत आहे. आधी जाऊबाईंचं.

तुमचं हसणं चुकत नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस मी रांगेत घागर धरून काढलेत. त्याच महिन्यात उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं होतं. मला तो निर्णय पटला होता. इकडे माणसं टँकरमागे धावताहेत आणि तिकडे गवतावर फवारे उडताहेत, हे डोळ्यांना सोसत नव्हतं. पण त्याच दिवसांत आमच्या गल्लीत रांगेतल्या पोरांनी रिकाम्या घागरीचा स्टंप करून डाव मांडला होता. एका बारक्यानं असा काही फटका मारला की चेंडू थेट टँकरवर चढून बसला. सगळी रांग हसली. त्यात सुनेचं बाळंतपण तोंडावर आलेल्या बाया होत्या, ऊस जळालेली माणसं होती. त्या हसण्याला थेंबभर पाणी लागलं नाही, आणि कुणाची घागर त्यामुळे रिकामी राहिली नाही. तुम्ही रात्री भांडी झाल्यावर हसता, तेव्हा दाजींच्या दुःखातलं काहीही कमी लेखलं जात नाही. तुमचं सोयाबीन तुमच्याही हातचं गेलं आहे. त्याची निंदणी-खुरपणी तुम्हीच केली असणार.

आमच्याकडे येळवस असते, वेळा अमावस्येचा रानातला सण. ज्या साली रानात दाखवायला काही नसतं त्या सालीही कडब्याची कोप उभी राहते, भज्जी शिजते, आंबिलीचं मडकं डोक्यावरून रानात जातं आणि येईल त्याला बसवून खाऊ घालतात. रिकाम्या रानात बसून पोटभर जेवायचं. आमच्या म्हाताऱ्यांनी याला कधी बेफिकिरी म्हटलं नाही.

जाऊबाईंवर मात्र राग धरू नका. त्यांचंही रान त्याच शिवारात असेल, तर त्यांच्याही छातीवर तोच दगड आहे. त्यांना एखाद्या रात्री शेजारी बोलवा, एवढंच.

आता मुलाचं. तो काही चुकीचं ऐकून आलेला नाही. २८ डिसेंबर २०२४ ला मेलबर्नच्या कसोटीत पंत २८ धावांवर असताना ऑस्ट्रेलियाच्या बोलंडला खाली वाकून, यष्टींमागे उचलून मारायला गेला. आधीच्या चेंडूवर तोच फटका चुकून अंगावर लागलेला होता, तरी पुन्हा तोच काढला आणि झेल गेला. सुनील गावसकर समालोचन करत होते. त्यांनी मूर्खपणा हा एकच शब्द तीनदा उच्चारला. मला तो राग समजतो. ज्या माणसानं आयुष्यभर ऑफस्टंपबाहेरचे चेंडू सोडून सोडून संघ वाचवला, त्याला अशी विकेट बघून आतून पीळ पडणारच. पण मुलाला पुढचंही सांगा. सहा महिन्यांनी, २०२५ च्या जूनमध्ये, लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर पंतनं दोन्ही डावांत शतकं केली, १३४ आणि ११८. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारा तो जगातला दुसराच यष्टिरक्षक. पहिला झिम्बाब्वेचा अँडी फ्लॉवर. पहिल्या शतकानंतर पंतनं मैदानावर कोलांटी मारली, तेव्हा त्याच गावसकरांनी समालोचनात उत्तम हा शब्द तीनदा म्हटला. दुसऱ्या डावातलं शतक झालं तेव्हा तर ते वरून हात फिरवून त्याला पुन्हा कोलांटी मारायला सांगत होते, आणि पंत खालून हातानंच 'नंतर, नंतर' म्हणत होता. म्हणजे ज्यांच्या नावानं मुलगा तुम्हाला गप्प करतोय, ते स्वतः या पोराच्या प्रेमात पडून बसलेत.

आणि तो सामना भारत हरला, ताई. इंग्लंडनं ३७१ धावांचा पाठलाग करून पाच गडी राखून जिंकला. तरीही ती कोलांटी आठवली की मला अजून बरं वाटतं. हे लक्षात असू द्या, पुढं लागेल.

बेजबाबदार म्हणणाऱ्यांनी सिडनीची कसोटी बघावी. मेलबर्ननंतर लगेच, जानेवारी २०२५ मध्ये. पहिल्या डावात पंतनं ९८ चेंडू खेळून ४० केल्या. दंडावर, डोक्यावर, अंगावर चेंडू घेत राहिला आणि तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या डावात त्यानंच ३३ चेंडूंत ६१ मारल्या. माणूस एकच, खेळपट्टी एकच, गोलंदाजही तेच. कुठं थांबायचं ते त्याला कळतं. मारायचं ठरवलं की मात्र तो भीत भीत मारत नाही, आणि लोकांना तेवढंच दिसतं.

मी तुम्हाला एक सुचवते. मोबाईलवर नुसते षटकारांचे तुकडे बघत असाल तर एकदा सबंध डाव बघा. ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावरचा, १९ जानेवारी २०२१ चा. तिथं ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता. शेवटच्या दिवशी ३२८ चं लक्ष्य गाठायचं होतं आणि पंतनं नाबाद ८९ केल्या, १३८ चेंडूंत. त्यात चौकार नऊ आणि षटकार एक. मोजा बरं. १३८ चेंडूंतले सीमेपार गेलेले फक्त दहा. बाकीच्या एकशे अठ्ठावीस चेंडूंत तो काय करत होता? थांबत होता, एकेरी पळत होता, चुकत होता, स्वतःशीच काही पुटपुटत होता. तुम्हाला ज्या दहा चेंडूंवर हसू येतं ते या बाकीच्यांच्या पोटातून आलेले आहेत. संध्याकाळची उन्हं लांब झालेली, आणि हेझलवूडला समोर विजयाचा चौकार. मला तेव्हा रडू फुटलं होतं.

तुम्ही म्हणता क्रिकेटातलं कळत नाही, पण 'मारता मारता पडतो' हे तुम्ही जे टिपलंय ते पुष्कळ जाणत्यांनाही असं दोन शब्दांत सांगता यायचं नाही. मी शाळेत तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. फलंदाजीचा पहिला धडा काय? तोल. डोकं स्थिर, पाय रोवलेले. चांगले चांगले फलंदाज तोल जाईल असं दिसलं की फटका अर्ध्यात आवरतात. पंत फटका पुरा करतो आणि तोलाचं काय ते मग जमिनीवर बघतो. फटका संपतो तेव्हा तो कुशीवर किंवा पाठीवर असतो, मान मात्र चेंडूकडे. एजबॅस्टनला २०२५ मध्ये तर बॅटच हातातून निसटून लांब जाऊन पडली. गेला, उचलून आणली, पुन्हा उभा राहिला. पडणं त्यानं फटक्यातच धरलेलं असतं. म्हणून तो पडला की आपल्याला वाईट वाटत नाही, हसू येतं.

चेन्नईचीही एक गंमत सांगते, कारण ती मला फार प्रिय आहे. सप्टेंबर २०२४, बांगलादेशाविरुद्धची कसोटी. स्वतः फलंदाजी करत असताना पंतनं समोरच्या संघाला सांगितलं की अरे, इकडे एक माणूस कमी आहे, इकडे लावा. आणि बांगलादेशाच्या कर्णधारानं खरंच तिथं माणूस लावला! त्या डावात पंतनं १०९ केल्या. आता हे कुठं बघितलंय आपण? खळ्यावर. रान रिकामं झालं की तिथं खेळणारी पोरं हेच करतात, "ए, तू तिकडं हो, तिथंच येणाराय बघ आता." खेळ रंगला पाहिजे, नुसतं आपण जिंकून काय करायचं, अशी त्यांची भूक असते. हा पोरगा भरल्या स्टेडियममध्ये, देशाच्या टोपीखाली, तीच भूक घेऊन उभा आहे. यष्टींमागे उभा राहूनही त्याची बडबड चालूच. त्याच गॅबाच्या कसोटीत तर तो स्पायडरमॅनचं गाणं गुणगुणत होता, ते स्टंपमधल्या माइकनं पकडलं.

हसण्यावरून मला माझंच एक सांगायचं आहे. माझी सुरुवातीची नोकरी धाराशिवजवळच्या एका शाळेत झाली. धाराशिव म्हणजे खो-खोचं गाव. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या आपल्या महिला संघाची कर्णधार सारिका काळे तिथलीच, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तर माझ्याकडे आठवीतली एक मुलगी होती. आई-बाप ऊसतोडीला जायचे, ही आजीपाशी. संरक्षणाला उतरली की तिला धरणं अवघड. पाठलाग करणारी हातभर अंतरावर आली की ही मान वळवून तिच्याकडे बघायची, हसायची आणि हुलकावणी देऊन निघून जायची. मी तिच्यावर ओरडायचे. "हसतेस काय? तोंड मीट आणि जीव तोडून पळ." मला वाटायचं, ही खेळाची थट्टा करतेय. सहा महिन्यांत तिचं हसणं मी बंद केलं. आणि तिचा वेळ घटला. आधी चार-चार मिनिटं न सापडणारी पोर दीड मिनिटात बाद व्हायला लागली. मी समजले, अंगानं भरली, म्हणून मंदावली.

पुष्कळ वर्षांनी ती लेकराला कडेवर घेऊन मला भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली, "बाई, मी हसायचे ना, तेव्हा मला समोरची कुठं वळणार ते दिसायचं. तुम्ही तोंड मिटायला लावलं, मग मला नुसती तिची भीती दिसायला लागली."

मी त्या रात्री झोपले नाही. आजही कुणी कुणाला 'हसू नको, नीट कर' म्हटलं की मला ती आठवते. तुमचा मुलगा वाईट नाही, तो माझ्यासारखा आहे. त्याला हे वाचून दाखवा.

आता दाजी.

सगळ्यात आधी, एक गोष्ट करू नका. पंतच्या अपघाताची कथा त्यांना सांगू नका. ३० डिसेंबर २०२२ ला रुरकीजवळ त्याची गाडी दुभाजकावर आदळून पेटली, हरियाणा रोडवेजच्या बसचे चालक-वाहक मदतीला धावले, मुंबईत गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, जवळजवळ पंधरा महिने तो मैदानाबाहेर होता, मार्च २०२४ मध्ये परतला आणि जूनमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेल्या संघात होता. खरी गोष्ट आहे आणि मोठी आहे. पण आपली माणसं अशा गोष्टी खचलेल्या माणसाच्या पाठीत काठीसारख्या मारतात. 'बघ, तो उठला, तू का उठत नाहीस?' पंतच्या पाठीशी मोठमोठे सर्जन होते, क्रिकेट मंडळ होतं, वय पंचवीस होतं. दाजींच्या धुऱ्याची माती वाहून गेली, ती कुठल्या शस्त्रक्रियेनं परत येत नाही. त्यांना कुणाशी ताडून बघू नका. मँचेस्टरला २०२५ च्या जुलैमध्ये पायाचं हाड मोडलेलं असताना पंत कठडा धरून पायऱ्या उतरला आणि ३७ वरून ५४ पर्यंत गेला, आर्चरला षटकारही मारला. तो डाव मी डोळे पुसत बघितला, पण तोही सध्या त्यांना दाखवू नका. लंगडणाऱ्याला लंगडणारा दाखवायचा नसतो. त्यांना चेन्नई दाखवा.

दाखवा म्हणजे समोर धरू नका. ते ओसरीवर टेकले असतील तर तुम्ही जवळच बसा आणि मोबाईलचा आवाज जरा मोठा ठेवा. आत जाऊन, दार लोटून, चोरून बघणं बंद करा. आणि मग त्यांना असं काही विचारा जे तुम्हाला येत नाही आणि त्यांना येतं. "अहो, हा उलटा मारला त्याला काय म्हणतात?" "स्लिपमध्ये तीन-तीन माणसं कशाला उभी केलीत?" बरं वाटतंय का, जेवलात का, बँकेचं काय झालं, हे प्रश्न त्यांना दिवसभर ऐकू येत असणार, बोलून दाखवा अगर न दाखवा. स्लिपचा प्रश्न मात्र जाणत्या माणसाला विचारतात. पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. दुसऱ्या दिवशीही येणार नाही कदाचित. तुम्ही तुमचं हसत राहा. मुद्दाम नको, पण जे येईल ते दाबूही नका.

मधेच एक सांगते. गावात कुणी मॅचवर पैसे लावत असेल तर दाजींना त्या कोंडाळ्यापासून दूर ठेवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आणली, तरी चोरवाटा असतात, आणि नुकसान झालेल्या माणसाला एका रात्रीत भरून काढायचा मोह लवकर होतो. पैसा लावला की बघणाऱ्याचा खेळ संपला.

आणि आता जे लिहिते ते खेळाचं नाही, पण सगळ्यात आधी करायचं ते हेच. तुम्ही लिहिलंय की ते आखाड्यावर एकटे बसून राहतात, कुणाशी बोलत नाहीत, खाण्यावर ध्यान नाही. इतके महिने हे चाललंय, तर याला नुसती उदासी म्हणून सोडू नका. आखाड्यावर फवारणीची औषधं पडलेली असतील तर ती आजच्या आज उचला, कुलपात टाका आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. मग त्यांना सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का हो? मरायचं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही. असलेला बाहेर येतो, आणि येऊ द्यायचा असतो. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा, मनाच्या आजारांसाठीचा, १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. ते फोन करणार नसतील तर तुम्ही करा, बायकोनं विचारलेलं चालतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. 'झोप नीट होत नाही, त्याचं औषध घेऊन येऊ' म्हणून न्या, ते खोटंही नाही. मुलाला पुण्याहून चार दिवस बोलवा. फोनवर खेळाडूंची परीक्षा घेण्यापेक्षा त्यानं बापाशेजारी आखाड्यावर बसावं. पंतची फलंदाजी या सगळ्याच्या जागी येऊ शकत नाही. ती यासोबत चालेल.

आता बॅटरी.

तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मला ती रात्र दिसते. शारजाची मॅच रात्री उशिरापर्यंत चालायची. लाईट गेली. गावातले बाकीचे लोक 'गेली बाबा' म्हणून अंथरुणाला लागले असतील. पंचविशीतला एक माणूस अंधारात पाना शोधतो, ट्रॅक्टरची ती जड बॅटरी सोडवतो, उचलून घरी आणतो, तारा जोडतो. सकाळी रानात जायला ट्रॅक्टर लागेल हे त्याला माहीत आहे. तरी. कशासाठी? पुढचा चेंडू बघायचा म्हणून.

उमेद म्हणजे मला एवढंच वाटतं, ताई. 'सगळं चांगलं होईल' याची खात्री मला कधीच कुणाला देता आली नाही, आणि मराठवाड्यात पावसाच्या भरवशावर जगणाऱ्याला तर ती कुणी देऊच नये. पण पुढं काय होतंय ते बघावंसं वाटणं वेगळं. तुम्हाला रात्री भांडी झाल्यावर ते वाटतं, कारण हा पोरगा आता काय करेल ते त्याच्या आईलाही सांगता येणार नाही. दाजींचं ते वाटणंच बुजलंय. पण ज्याच्यात ते इतकं होतं की त्यानं ट्रॅक्टर उघडा पाडला, त्याच्यात ते मुळीच उरलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

म्हणून पंतच्या आधी त्यांना त्या रात्रीचं विचारा. शारजाचे दोन सामने लोकांच्या लक्षात आहेत. २२ एप्रिलचा, वाळूच्या वादळातला, ज्यात सचिननं १४३ केल्या. तो सामना आपण २६ धावांनी हरलो होतो, तरी धावगतीवर अंतिम फेरीत गेलो. लोकांच्या बोलण्यात तो सामना अजून आहे, आणि हरल्याचं कुणी आधी सांगत नाही. दुसरा २४ तारखेचा, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा, १३४ चा, तो जिंकलो. तुमच्या पत्रात कुठला ते नाही. तुम्हाला आठवत नसेल, नव्या नवरीला तारीख कशी लक्षात राहणार? त्यांना राहिली असेल. तुम्ही मुद्दाम चुकीची तारीख म्हणा, हवं तर. क्रिकेटवेड्या माणसाला चुकीची तारीख ऐकून गप्प बसता येत नाही.

ती २२ ची होती की २४ ची, ते मला कळवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर चालू झाला का, हेही विचारून कळवा.